धुरपदाबाईंचा लाल तळवा

मेहरूणमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये अख्खी गल्ली लोटली होती. मधोमध चोपडा गावाहून बोलावलेला भगत, म्हणजे मांत्रिक, हळदीचं ताट घेऊन बसला होता.

"जिनं पोरीवर करणी केली, तिचा तळवा रक्त ओकेल!"

पोर आमच्याच इमारतीतल्या दिपमालाची. जुलाब-उलट्यांनी पार गळून गेलेली. संशय वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या धुरपदाबाईंवर. गच्चीवरची टाकी कुणी धुवायची, यावरून दोघींची रोज जुंपायची. "तुझं वाटोळं होईल," असं धुरपदाबाई एकदा रागात बोलूनही गेल्या होत्या.

भगत एकेकीच्या ओल्या तळव्यावर हळद चोळत होता. सगळे हात पिवळेच. धुरपदाबाईंची पाळी आली. त्यानं मंत्र पुटपुटत अंगठा फिरवला आणि तळवा लालभडक झाला.

"चेटकीण!" कुणीतरी किंचाळलं. दिपमालाचा नवरा अमृत अंगावर धावला. "आत्ताच्या आत्ता घर खाली कर, म्हातारे!"

"मी काहीच नही करं रे भाऊ," त्या छातीवर हात ठेवून अहिराणीत विनवू लागल्या. "मनी नातसारखी शे ती."

मी मध्ये उभी राहिले. शाळेत विज्ञान शिकवते मी. या भगताला मघाशी तंबाखूत चुना मळताना पाहिलं होतं.

"रुपचंदभाऊ, तुमची चुन्याची डबी द्या," मी शेजाऱ्यांना म्हटलं. माझ्या हळदीच्या तळव्यावर चुना घासला. लाल!

"मास्तरीणबाई, देवीचा कोप होईल!" भगत ओरडला.

"होऊ द्या. तुमचा अंगठा दाखवा."

त्यानं मूठ आवळली. अमृतनंच ती उघडली. नखात चुना भरलेला.

दिपमालानं आपला हात पुढे केला. मी चुना लावला. स्वतःचा लाल तळवा तिनं अमृतसमोर धरला.

हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू पूर्वापार असंच करतात. त्यात ना रक्त, ना करणी.

भगताला पोलिसांनी नेलं, पोरीला आम्ही दवाखान्यात. डॉक्टरांनी आधी पाण्याचं विचारलं. परत येऊन गच्चीवरच्या टाकीचं झाकण उचललं, तर आत मेलेलं कबूतर. बाकीच्या घरांत फिल्टर होते, दिपमालाकडे नव्हता.

पोर बरी झाल्यावर दिपमाला हात जोडून वर गेली. धुरपदाबाईंनी स्वतःकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "मनासंगे भांड, बाई. पन भगतले बलावू नको."

शेजारी म्हटलं की भांडण होणारच. समोर बसून भांडा. मूल आजारी पडलं तर डॉक्टर गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर माणसावर धावून जाण्याआधी तो एकदा स्वतः करून बघा.