आठवी 'क'च्या वर्गातला आवाज

पाताळगंगेचा धडा शिकवायचा म्हणून अनुया एका रविवारी आपट्याला गेली होती. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांशी बोलली, पाण्याचा आवाज फोनवर टिपला आणि त्याचा दहा मिनिटांचा पॉडकास्ट करून आठवी 'क'च्या वर्गात लावला. दर दोन मिनिटांनी ती तो थांबवायची, प्रश्न विचारायची, मुलांना आपसात भांडू द्यायची, मग पुढे लावायची. दहा मिनिटांचं ऐकणं दोन पिरियड पुरलं. तिच्या नोकरीतला तो सगळ्यात सुखाचा आठवडा होता.

नवीन पनवेलमधल्या त्या शाळेचे सचिव दिनानाथ सर तेव्हा दाराशी उभे राहून ऐकत होते. आठवड्याभरात त्यांनी तिला बोलावलं. "मॅडम, भूगोलाची सगळी प्रकरणं तुमच्या आवाजात करून टाका. आठवीच्या चारही तुकड्यांना उपयोग होईल."

तिला आनंद झाला. खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून भिंतींना फोम लावला गेला. खिडकी बुजवली. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून पंखा बंद. अनुया आत जायची, दार लावायची आणि घामानं भिजत बोलत राहायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं आठवीचं पुस्तक संपवलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भूगोलाच्या दुसऱ्या शिक्षिका, मैना मॅडम, आल्याच नाहीत. त्यांची नेमणूक पुढे वाढवली नव्हती. चारही वर्गांत भिंतीवर स्पीकर बसले होते आणि अनुयाच्या वेळापत्रकात आठवीचा एकही तास नव्हता. तिथे लिहिलं होतं : नववी, रेकॉर्डिंग.

ती तडक सचिवांकडे गेली. "सर, मला वर्ग हवाय. पॉडकास्ट मध्ये थांबवून मुलांशी बोलायचं असतं. नुसता लावून ठेवायचा नसतो."

"थांबवलं तर पोर्शन मागे पडतो, मॅडम."

"मग मी पुढचं रेकॉर्डिंग करणार नाही."

दिनानाथ सर रागावले नाहीत. उलट त्यांनी तिच्यासाठी चहा सांगितला. "नका करू. नववीचं दुसरं कुणी करेल. आठवीचं तर आहेच आपल्याकडे. दरवर्षी वाजेल."

घरी सत्यजीत, तिचा नवरा, म्हणाला, "सोडून दे ना सरळ. दुसरी शाळा मिळेल."

"मी सोडेन रे," ती म्हणाली. "पण माझा आवाज तिथेच राहील. आणि मैना मॅडमची जागा त्या आवाजानं घेतलीय."

तिनं नोकरी सोडली नाही. आपल्या नकारानं काही थांबणार नाही हे कळल्यावर ती रोज त्या खोलीत जाऊन नववीची प्रकरणं रेकॉर्ड करत राहिली. येता-जाता कॉरिडॉरमध्ये तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. "समजलं ना?" तो आवाज विचारायचा, जरा थांबायचा आणि उत्तराची वाट न पाहता म्हणायचा, "छान." हे 'छान' आपण कधी आणि कशासाठी म्हटलं, तिला आठवत नव्हतं.

एका दुपारी पाणी प्यायला वर्गाबाहेर आलेली प्रांजल जिन्यात भेटली. गव्हाणच्या कोळी घरातली मुलगी, आठवी 'क'मधली.

"मॅडम, भरती-ओहोटीचा धडा चाललाय. तुमी सांगता, दिवसातून दोनदा पानी चढतं. आमच्या घरामागं भराव टाकल्यापासून खाडीत पानीच येत नाय. मग आता ती खाडी हाय का नाय? मी हात वर केला होता. पण तुमी थांबलाच नाय."

अनुयाला वाटलं, कुणीतरी आपल्याला बंद खोलीतून हाक मारून बाहेर काढलं. ती प्रांजलबरोबर वर्गात गेली आणि तिनं स्पीकर बंद केला. "प्रांजलनं एक प्रश्न विचारलाय," ती म्हणाली. "आपण त्यावर बोलू."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. पहिल्या बाकावरच्या अथर्वनं नम्रपणे विचारलं, "मॅडम, हे परीक्षेत आहे का?"

"नाही."

"मग पॉडकास्ट लावा ना प्लीज. टेस्टला त्यातलंच येतं. मागच्या वेळी एक भाग राहिला तर आमचे मार्क गेले."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी उद्धटपणा करत नव्हतं. मुलं खरोखर काळजीत होती. अनुयानं स्पीकर पुन्हा सुरू केला.

ती शेवटच्या बाकावर प्रांजलच्या शेजारी जाऊन बसली आणि हळू आवाजात विचारलं, "भराव नेमका कुठं टाकलाय? खाडीच्या तोंडाशी की आतल्या बाजूला? मला काढून दाखव."

प्रांजलनं पेन उचललं. "हितं. आधी पानी हितून यायचं..."

समोरच्या बाकावरची इरा वळली. "मॅडम, सॉरी, पण जरा हळू बोला ना. तुमचं ऐकू येत नाहीये."

प्रांजलनं पेन खाली ठेवलं. स्पीकरमधला आवाज चंद्राच्या आकर्षणाबद्दल स्पष्ट, न अडखळता सांगत होता आणि मुलं भराभर उतरवून घेत होती. घंटा होईपर्यंत अनुया बसून राहिली. मग उठली आणि कॉरिडॉरच्या टोकाच्या त्या खोलीकडे गेली. नववीचं तिसरं प्रकरण संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.