तुळशीच्या पानाचं वजन

मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या त्या घरासमोर सकाळी सातपासून रांग लागे. रांगेत कारकून होते, शिक्षक होते, रेल्वेतले दोन इंजिनियरही होते. आत तुलास्वामी बसत. हिमालयात बारा वर्षं काढली असं ते सांगत. तमिळ मात्र सेलम गावचं बोलत.

समोर तांबडं कापड घातलेलं टेबल, त्यावर काचेच्या पेटीतला तराजू. भक्तानं आपलं औषध डाव्या पारड्यात ठेवायचं. स्वामी उजव्यात तुळशीचं एक पान ठेवत, डोळे मिटत, आणि पानाचं पारडं खाली जाई. अगदी टेकेपर्यंत.

"औषध हलकं, पान जड!" स्वामी सांगत. "डॉक्टर सहा वर्षं शिकतो. पान काय शिकलंय? काही नाही! म्हणून ते शुद्ध."

लोक हात जोडत. मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण १९५८ सालच्या त्या सोमवारी रांगेत माझे थोरले भाऊ वेंकोबा होते, आणि पारड्यात त्यांची इन्शुलिनची बाटली होती.

आमचे वडील अप्पाजी तंजावरहून मद्रासला आले ते मोजणीची उपकरणं दुरुस्त करायला. १९१२ साली त्यांनी जॉर्ज टाउनमध्ये कारखाना काढला. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक लेथ. प्रयोगशाळेचे तराजू तेव्हा विलायतेहून येत. अप्पाजींनी त्यातला एक सुटा करून पाहिला, पुन्हा जोडला आणि तीन वर्षांनी तसाच स्वतः केला. एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी तो परत पाठवला. दुसराही पाठवला. तिसरा ठेवून घेतला. दुसऱ्या महायुद्धात विलायतेचा माल यायचा थांबला आणि अर्ध्या दक्षिणेतून आमच्याकडे मागणी येऊ लागली. वडिलांमागे वेंकोबा तराजूची दांडी घडवत, मी पट्ट्यांवर आकडे कोरी. वेंकोबांची मुलगी कृष्णवेणी शाळेत पदार्थविज्ञान शिकवी आणि सुट्टीत आमचे तराजू तपासून देई.

स्वामींचा तराजू आमचाच होता. नावाची पट्टी काढलेली होती, पण दांडीवरचा कानशीचा हात वडिलांचा. वेंकोबांनी तो लांबूनच ओळखला, आणि घरी येऊन इंजेक्शन बंद केलं.

चौथ्या दिवशी किती पाणी प्यालं तरी त्यांची तहान भागेना. उलट्या सुरू झाल्या. जिना चढवेना.

"अप्पा, डॉक्टर म्हणतात, आणखी दोन दिवस असे गेले तर शुद्ध जाईल," कृष्णवेणी वेंकोबांना म्हणाली.

"वेणी, माणसं खोटं बोलतात. माझ्या बापानं केलेला तराजू खोटं बोलेल काय?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "तुम्ही तो तपासलात?"

वेंकोबा अंथरुणात उठून बसले. तीस वर्षांत त्यांनी न तपासलेला एकही तराजू दाराबाहेर जाऊ दिला नव्हता.

"सुंदर," ते मला म्हणाले, "टॅक्सी बोलाव."

आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून स्वामींकडे नेलं. गुण यावा म्हणून आलेला भक्त समजून लोकांनी वाट दिली.

"सामी," वेंकोबा म्हणाले, "पान डावीकडे ठेवा, बाटली उजवीकडे. खरा तराजू बाजू बदलली तरी तेच सांगतो."

"पानाची जागा उजवी. शास्त्र आहे."

"डावीकडे गेलं की पान आपली शक्ती विसरतं काय?" कृष्णवेणीनं विचारलं.

रांगेत कोणीतरी हसलं. स्वामींना बाजू बदलावी लागली. बाटली खाली गेली, पान वर.

"कोणाची तरी दृष्ट आहे," असं म्हणत त्यांनी पान परत उजवीकडे घेतलं. तेवढ्यात कृष्णवेणीनं शाळेतलं होकायंत्र टेबलावर ठेवलं. पान खाली जाऊ लागलं, तशी होकायंत्राची सुई उत्तर दिशा सोडून स्वामींच्या गुडघ्याकडे वळली.

वेंकोबांनी कापड उचललं. खाली एक फळी, फळीवर लाउडस्पीकरमधलं जाड लोहचुंबक. गुडघ्यानं फळी वर केली की चुंबक उजव्या पारड्याखाली येई. वेंकोबांनी पारडं काढून उलटं केलं. पितळेखाली कथलाचा डाख देऊन चिकटवलेली लोखंडाची चकती होती. तोल राहावा म्हणून डाव्या पारड्याखाली तेवढंच शिसं.

"डाख कच्चा आहे," वेंकोबा म्हणाले. मग ते पारडं हातात घेऊन ते खाली बसले.

स्वामी मागच्या दारानं गेले. दोन्ही इंजिनियर टेबलाखाली वाकून पाहत होते. चुंबकही हिमालयातलंच असेल, असं एका गृहस्थांनी मत दिलं.

वेंकोबा अकरा दिवस इस्पितळात होते. उठून हिंडता येऊ लागताच ते वेस्ट मांबलममध्ये घरोघर फिरले. दारात उभे राहून म्हणत, "तो तराजू आमचा होता. मी तपासला नव्हता. औषध पुन्हा सुरू करा." बहुतेकांनी ऐकलं. अलमेलू नावाच्या शिक्षिकेनं क्षयाचं औषध त्या टेबलासमोर सोडलं होतं. तिच्या दारात वेंकोबा पोचले तेव्हा तिचा तेरावा होता.

म्हणून हे लिहिलं. औषध सोडायला सांगणारा भेटला, तर त्याच्यासमोर देव आहे की यंत्र, हे पाहत बसू नका. तीच गोष्ट तुम्ही सांगाल तशी करून दाखवायला सांगा. त्यानं नकार दिला, तर औषध घ्या आणि घरी जा.