गेलेल्यांची प्रार्थना

रत्नागिरीतली जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात, आणि गेलेला म्हटलं की त्यांना मेलेला वाटत नाही. मेला तो निजला. गेलेला म्हणजे पोटापाण्यासाठी बाहेरगावी गेलेला, चांगला धडधाकट, सणावाराला फोन करणारा. एकदा पुण्याचे एक पाहुणे उपासनेला आले होते. पाळकांनी गेलेल्यांची प्रार्थना सुरू केली, नावांमागून नावं येऊ लागली, तसे ते बिचारे रडकुंडीला आले. एवढ्याशा मंडळीत इतकी माणसं दगावली कशानं, साथबिथ आली होती का, असं त्यांनी बाहेर येऊन उल्काला विचारलं. उल्काची हसून हसून मुरकुंडी वळली होती. आता ते आठवलं तरी तिला हसू येत नाही.

ही प्रार्थना तिच्या आजोबांच्या वेळची. पोरं मुंबईला गोदीत लागली तेव्हा सुरू झाली. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत पाळक नावं घेत जायचे. नाव घेतलं की जरा थांबायचे, आणि त्या घराच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं आमेन म्हणायचं. माणूस लांब आहे, पण त्याची जागा राखलेली आहे, असा त्याचा अर्थ. प्रत्येक घराचा बाक ठरलेला, दुसऱ्याच्या बाकावर बसायची कुणाची टाप नव्हती. मग मुंबईमागून दुबई आली, टोरांटो आलं, आणि अख्खेच्या अख्खे बाक उठून गेले. नावं वाढत चालली आणि आमेन म्हणायला कुणी उरेना.

उल्का मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, नवरा निजलेला, मंडळीच्या पंचांपैकी शेवटची उरलेली. बिशपसाहेब आले होते तेव्हा जाताना तिला एवढंच म्हणाले होते, की पाळकांना सांभाळा, इथे दुसरा कुणी यायला तयार नाही. शलमोन पाळकांचं वय होऊन गेलेलं, बायको कधीच गेली, म्हणजे निजली. उल्कानं ते बोलणं मनावर घेतलं. बांगड्याचं तिखलं केलं की वाटीभर पाळकांकडे, झग्याला शिवण हवी तर तीच, ताप आला तर तीच. आणि एका रविवारी, पाळक नाव घेऊन थांबले आणि कुणीच बोलेना, तेव्हा तिच्यानं ते बघवेना. तिनंच आमेन म्हटलं. त्या दिवसापासून ती सगळ्या रिकाम्या बाकांसाठी आमेन म्हणायला लागली. काय करणार? म्हाताऱ्याचा चेहरा उजळायचा, तेवढं तिला पुरे होतं.

पण आता तिचंच जायचं ठरलं होतं. नीरजा, तिची एकुलती एक लेक, ऑकलंडला. तिला दिवस गेले होते, आणि आई, आता कायमचीच ये, असं ती फोनवर रडून सांगत होती. उल्कानं कुणाला काही सांगितलं नाही. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेली तेव्हासुद्धा पाळकांना सांगितलं, आंजर्ल्याला मैत्रिणीकडे जाते. मधला एक रविवार बुडाला. पाळकांच्या तोंडावर खोटं बोललो याची तिला जाताना आणि येताना, सगळ्या वाटेवर लाज वाटत राहिली.

परत आली तर फाटकाशी यमुनाबाई भेटली. यमुनाबाई मिशनच्या आवारातच राहणारी, वयानं नव्वदीला टेकलेली, कानाशी परात आपटली तरी ऐकू न येणारी.

"काय गो, रविवारी मला न भेटताच गेलीस?" यमुनाबाई म्हणाली.

उल्कानं हातवारे करून सांगितलं, की मी नव्हतेच इथे.

"नव्हतीस कशी? पाळकांनी तुझं नाव घेतलं आणि तू आमेन म्हणालीस. चांगली खणखणीत."

उल्का फाटक लोटून आत आली. आपल्या जाण्याची कुणाला कुणकुण नसताना पाळकांनी आपलं नाव गेलेल्यांत घेतलं कसं, हे एक. आणि आपण नसताना आमेन कोण म्हणालं, याचा तर विचारही तिला करवेना. म्हातारीला भास झाला असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. पण जिला देवळाची घंटा ऐकू येत नाही तिला भास तरी कानाचा कसा व्हावा?

दुपारी ती पाळकांकडे गेली. ते पडवीत कोकमं वाळत घालत बसले होते. तिनं आडपडदा न ठेवता विचारलं, की माझं नाव का घेतलंत, कुणी सांगितलं तुम्हाला. कुणी नाही, ते म्हणाले. नीरजाचं नाव घेतलं की पूर्वी तू मला थांबूसुद्धा द्यायची नाहीस, लगेच आमेन म्हणायचीस. नाताळपासून अडखळायला लागलीस. तेव्हाच कळलं, पोरीकडे जायचं ठरलंय. आवाजात राग नव्हता. उलट जा म्हणाले, सुखानं जा, लेकीला आईची गरज असते अशा वेळी.

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. ती रडायलाच लागली.

"तुम्हाला एकटं टाकून जायचं माझ्या जिवावर आलंय," ती म्हणाली. "मी गेले की आमेन कोण म्हणणार?"

पाळक तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या हातातलं कोकम तसंच हातात राहिलं.

"उल्का, इतकी वर्षं ते सगळं तूच म्हणतेस, असं वाटत होतं तुला?"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"कदमांचा सखाराम नाकात बोलतो," पाळक म्हणाले. "तू कधी नाकात बोललीस?"

सखाराम कदम दुबईला जाऊन वर्षं लोटली होती. उल्का कशीबशी उठली आणि घरी आली. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, एकटेपणानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं, असं ती घरातल्या घरात मोठ्यानं म्हणत राहिली. आणि असं असेल तर याला सोडून जाणं म्हणजे पापच. आपण इतकी वर्षं दया दया म्हणून आमेन म्हणत आलो, आपणच तर हे वेड पोसलं नाही ना? जायचं की नाही, हे आता त्या देवळातच ठरणार होतं. रविवारी तोंड मिटून बसायचं आणि काय होतं ते बघायचं, असं तिनं ठरवलं.

रविवारी यमुनाबाई होती, आणि मिरजोळ्याला कारखान्यात कामाला असलेला दीपक आणि त्याची बायको दीपाली. बाकी बाक मोकळे. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. पाळकांनी नावं घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव घेतलं, थांबले. उल्का गप्प. देवळात पंख्याची घरघर, दुसरं काही नाही. पाळकांनी मात्र कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. पुन्हा तसंच. उल्काचे डोळे भरून आले. काही येत नाही रे बाबा, कुणी बोलत नाही, तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

मग तिच्या बाकाची पाळी आली. पाळकांनी नीरजाचं नाव घेतलं, मान हलवली. आणि उल्काचं घेतलं.

ते थांबले. या वेळी मान हलली नाही. ते वाट बघत राहिले. त्यांची नजर तिच्या बाकावर होती, पण तिच्यावर नव्हती. चेहरा हळूहळू पडत चालला. तो चेहरा तिनं वर्षानुवर्षं सांभाळला होता. तिच्यानं राहवलं नाही.

"आमेन," ती म्हणाली.

पाळकांचा चेहरा उजळला. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या नावाकडे वळले. सखाराम कदम.

तिच्या मागच्या बाकावरून, अगदी मानेजवळून, कुणीतरी नाकात आमेन म्हटलं.

तिनं मागे वळून बघितलं नाही. बघायची छातीच झाली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक नावाला आमेन येत गेलं, बाया, बाप्ये, सगळ्यांचं. काही आवाज तिच्या ओळखीचे होते. तिनं लहानपणी ज्यांच्याबरोबर नाताळची गाणी म्हटली होती त्यांचे. शेवटचा आशीर्वाद झाला तरी तिला उठता येईना.

उपासना संपली. दीपक, दीपाली, यमुनाबाई एकमेकांना सलाम करत बाहेर निघाले. तिच्या बाकाजवळून गेले, पण तिला सलाम केला नाही कुणी. उल्का आज आली नाही वाटतं, दीपाली यमुनाबाईला हातवारे करून म्हणाली. गेली ना ती, यमुनाबाई म्हणाली. पाळकांनी झगा उतरवून हातावर घेतला, पंखा बंद केला. त्यांची नजर एकदा सगळ्या बाकांवरून फिरली, तशीच तिच्याही बाकावरून फिरली. मग ते बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

तेव्हा कुठे तिच्या अंगात बळ आलं. धावत दाराशी जाऊन तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं.

"पाळकसाहेब," ती ओरडली, "मी आत आहे."

बाहेर पायरीवर पाळकांची पावलं थांबली. ती श्वास रोखून कडी निघायची वाट बघत राहिली.

"आमेन," पाळक मायेनं म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.