सात खाचांचा बांबू

मी पडद्याचा दांडा बोलतोय. हसू नका. पडदे पेलायला माझा जन्म झालेला नाही. पृथ्वीच्या टोकावर बर्फात रोवलेला मी चांगला सहा मीटरचा बांबू होतो. बर्फ किती वितळला, ते सांगणं हे माझं काम.

मला रोवलं मोजणीवाल्या बाईंनी. दर उन्हाळ्यात त्या यायच्या आणि बर्फ माझ्या अंगावर जिथवर असेल तिथे चाकूने खाच पाडायच्या. बर्फ खाली जायचा, मी उघडा पडायचो. पहिल्या दोन खाचांत चार बोटांचं अंतर, सहावी-सातवीत हातभर. सातवी पाडून बाई कितीतरी वेळ तिथेच बसल्या. मग म्हणाल्या, "किती रे उंच झालास." पोराची उंची भिंतीवर मांडताना आईला हसू येतं. बाई डोळे पुसत होत्या.

पुढच्या वर्षी बाईंचा पाय मोडला आणि साहेब आले, सोबत फोटोवाला घेऊन. बर्फाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्या गारठ्यात टोपी काढून तीनदा भांग पाडला. फोटो पाहून मात्र तोंड वाकडं झालं.

"हा बांबू माझ्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतोय. वरचा छाटा."

"साहेब, मोजायचं राहिलंय अजून," मदतनीस चाचरला.

"मग छाटून मोजा. पळून जातोय का तो?"

सातव्या खाचेच्या जरा खाली करवत फिरली. बर्फावर उरलेला भाग मोजला, तर गेल्या वर्षीपेक्षा आखूड. म्हणजे बर्फ दीड मीटर वाढला! साहेबांनी तसा अहवाल लिहिला. खालचा बांबू महिन्याभरात बर्फाच्या कड्यासकट तुटून पाण्यात गेला. मला, म्हणजे कापलेल्या वरच्या तुकड्याला, आठवण म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये पडद्यासाठी टांगलं. जेवण झालं की साहेब याच पडद्याला बोटं पुसतात. शिसारी येते मला. त्या तेलकट बोटांची कमी, अहवालावरच्या सहीची जास्त.

आज बाई कुबडी घेऊन आल्या होत्या.

"साहेब, बांबू कुणीतरी कापलाय. हा अहवाल उद्या गेला, तर माझी सात वर्षांची मोजणी खोटी ठरेल."

"तिथे कापायला कोण जाणार? पेंग्विन?" साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले. "पुरावा आणा, मग बोला."

इतका निर्लज्जपणा मी बर्फात कधी पाहिला नव्हता. बाई उठल्या.

"जाता जाता तेवढा पडदा ओढा. ऊन फार झालंय हल्ली."

बाईंनी पडदा ओढला. पुढची कडी माझ्या खाचांवरून अडखळत निघाली. खट्. लगेच खट्. मग जरा थांबून. मग आणखी थांबून. सातव्या खट्‌ला बाईंचा हात जागीच थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची खुर्ची द्या जरा. मला वर चढायचंय."