माझ्या पाठीमागे बसलेली अकबरी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. जुना म्हटल्यावर तुम्हांला माझी कीव येईल. ती तुमच्याजवळच ठेवा. मी जन्मभर इतका मूर्खपणा अंगावर वागवला आहे, की कीव करायचीच झाली तर ती मी करीन.

वराळ्याच्या कोंडाजी सुताराने एका बंगल्याच्या दारांतून उरलेल्या सागाच्या फळ्या जोडून मला घडवले. काजळी आणि सरस खलून काळे केले. एकोणीसशे तीस सालाच्या आसपास लोणावळ्याच्या एका लहानशा इंग्रजी शाळेत मी तिपाईवर चढलो. दसऱ्याला माझी पूजा व्हायची, झेंडूची माळ पडायची आणि दुसऱ्याच दिवशी हौशीराम मास्तर मला थुंकी लावलेल्या बोटाने पुसायचे.

हे मास्तर इंग्रजीतला साधा भूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ शिकवीत, म्हणजे आपण शिकवतो असे त्यांना वाटे. ‘आय वेंट, आय वॉज गोइंग’ एवढेच ते माझ्यावर लिहीत आणि मुले डोलत डोलत घोकत. गेलो म्हणजे काय आणि जात होतो म्हणजे काय, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. मास्तरांबद्दलही मला दाट शंका आहे.

पुढे मळवलीहून अकबरी येऊ लागली. तिचे वडील मकसूदभाई रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार होते. त्यांनी मास्तरांना बजावले, ‘पोरगी मोठी झालीया. पोरांच्या म्होरं बसायची न्हाई. आन् दिपोटी येतील तवा त्यांनी इचारून पास केली, तर फुडं शिकंल. न्हाईतर घरी.’

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. मास्तरांनी लगेच शक्कल काढली. मलाच तिच्या आड उभे केले. माझे तोंड मुलांकडे आणि पाठ अकबरीकडे. अक्षरे शिकायला आलेल्या मुलीला फळ्याची पाठ! इतकी अक्कल शोधूनही सापडायची नाही.

ती ऐकून शिकली. एकदा मास्तर म्हणाले, आपल्या मनाने वाक्य करा. डोलणारी सगळी डोकी खाली गेली. माझ्या मागून हळूच आवाज आला, ‘आय वॉज फेचिंग वॉटर. माय मदर कॉल्ड.’ मी पाणी आणत होते, आईने हाक मारली. एक काम चालू असताना मध्येच दुसरे घडून गेले. इतके सरळ होते ते!

‘गप बस,’ मास्तर खेकसले. ‘तुला कुणी विचारलं?’

तपासणीच्या दिवशी मकसूदभाई कामावर खाडा करून ओसरीवर उभे राहिले. मुले डोलली. साहेबही पान चघळत डोलले, त्यांनी मास्तरांची पाठ थोपटली आणि टोपी उचलली. माझ्यामागे कुणी बसले आहे, हे त्या भित्र्या मास्तरांनी सांगितलेच नाही. ती खरे इंग्रजी बोलली असती, तर बाकीच्यांचे पितळ उघडे पडले असते ना! साहेबांचे बूट दाराकडे निघाले. तिची शाळा तिथेच संपत होती.

अकबरीने मला दोन्ही हातांनी ढकलले. मी तोंडावर आपटलो, कोपरा तुटला, खडूची धूळ साहेबांच्या कोटावर उडाली. उभ्या जन्मात मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

‘आय वॉज सिटिंग हिअर, सर,’ ती म्हणाली. ‘यू डिड नॉट आस्क.’

मी इथेच बसले होते, साहेब. तुम्ही विचारलेच नाही.

आता विचारणे भाग होते. साहेब विचारत गेले, ती सांगत गेली. अखेर ते ‘पास’ म्हणाले. मास्तर धावले, ते मला उचलून पुन्हा तिच्यापुढे उभे करायला. मकसूदभाईंनी आत येऊन मला त्यांच्या हातांतून काढून घेतले.

‘ऱ्हाऊ द्या, मास्तर,’ ते म्हणाले. ‘भितीला लावा त्यो. तिलाबी दिसू द्या.’

मित्रांनो, फळा जपा, ओल्या फडक्याने पुसा. माझा कोपरा मात्र कुणी सांधू नका. दुसऱ्या दिवशी अकबरी पहिल्या रांगेत येऊन बसली आणि इतक्या दिवसांत मी तिचे तोंड पहिल्यांदा पाहिले.