खिळ्याला टांगलेला पाणघोडा

कुणी म्हणून ऐकलं नाही हो आमचं. मावशी सांगून सांगून थकली, आणि मी खिळ्यावरून ओरडून ओरडून. ती चौथीपर्यंत शिकलेली म्हणून तिचं खरं मानलं नाही, आणि मी पुस्तक म्हणून माझं कुणाच्या कानावरच गेलं नाही. आता तुम्ही उघडलंच आहे, तर पुरतं ऐकून घ्या. मी एक प्रत बोलतेय. लहान मुलांच्या वेड्यावाकड्या गाण्यांची प्रत. सोळा गाणी, सोळा चित्रं. आम्ही चारशे बहिणी, त्यात मी थोरली.

माझं बोलणं जरा तिखट लागेल. मावशीच्या हातची खळ पिऊन वाढलेय, गोड कुठून येणार?

गाणी गुरुजींची. जन्मभर गणित शिकवलं त्यांनी. निवृत्त झाले आणि भाजी निवडताना, दाढी करताना यमकं सुचायला लागली. चित्रं त्यांच्या सूनबाईंनी काढली, आणि ती गाण्यांपेक्षाही खट्याळ. माझं पहिलंच गाणं ऐका:

पाणघोडा बसला टबात,
पाणी गेलं सगळ्या घरात,
साबण म्हणाला, सोडा मला,
एवढी पाठ चोळू कशाला?

आणि शेवटचं:

आमची मामी नाजूक फार,
पदराचाही होतो भार,
वारा आला जरासा जोरात,
मामी सापडली शेजारच्या घरात.

माझा जन्म झाला बाइंडरच्या कारखान्यात. कारखाना कसला, एक लांब खोली. मधोमध लांब टेबल, कोपऱ्यात कटिंग मशीन, खळीचं पातेलं, आणि भिंतीवर मालकांच्या अक्षरातली पाटी: ‘टेबलावर चहा ठेवू नये.’ खाली दुसरी: ‘चहा बाहेर पायरीवर घ्यावा.’ त्याखाली तिसरी: ‘वरील दोन्ही पाट्या वाचाव्यात.’ माणूस वाईट नव्हता, पण पाट्या लिहायचं भारी वेड. बायका त्यांना पाठीमागे शिस्तराव म्हणायच्या. त्यांना स्वतःला हे ठाऊक नव्हतं.

टेबलाच्या डोक्याशी मावशी बसायची. बावीस वर्षं ती जागा तिची. हाताखाली दोघी जणी. माझी चित्रं वेगळ्या जाड कागदावर छापलेली, ती प्रत्येक गाण्यासमोर हातानं चिकटवायची होती. चित्रांवर आकडे नव्हते. सूनबाई म्हणाल्या, आकड्यानं चित्र विद्रूप होतं. मग मावशीनं सकाळी एकेक गाणं बोट ठेवून वाचलं आणि सोळा चित्रांचे सोळा गठ्ठे ओळीनं टेबलावर मांडले. खिडकीशी पाणघोडा, मग मिशीवाले हेडमास्तर, मग कोंबडी, आणि पार दुसऱ्या टोकाला मामी. एकदा मांडलं की वाचायचं काम संपलं. टेबलाच्या कडेनं चालत जायचं, प्रत्येक गठ्ठ्यावरचं एकेक उचलायचं आणि त्याच क्रमानं चिकटवायचं. हात चालायला लागले की डोळे सुट्टीवर.

सकाळच्या चहाची वेळ झाली. तिघी पायरीवर गेल्या.

तेवढ्यात मालक मागच्या दारानं आत आले. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात चहाचा कप. पांढरा, बुडाशी टवका उडालेला. खिडकीशी उजेड चांगला. कप ठेवला तो थेट पाणघोड्यांच्या गठ्ठ्यावर. पेपर पसरायला जागा पुरेना, म्हणून कप उचलला आणि तो गठ्ठाच नेऊन दुसऱ्या टोकाला ठेवला, मामीच्या पलीकडे. पेपर वाचला, कप विसळला, निघून गेले. मला कसं ठाऊक? त्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा पाणघोडा माझ्याच पोटात आहे. त्याच्या अंगावर चहाचा गोल उमटला. टबातल्या फेसात मिसळून गेला तो, एक तपकिरी बुडबुडा वाटावा असा.

बायका परत आल्या, समोर दिसला त्या गठ्ठ्यापासून सुरुवात केली, आणि संध्याकाळपर्यंत चारशे पुस्तकं तयार. सगळं एकेक घर पुढे सरकलेलं. ‘पाणघोडा बसला टबात’ आणि समोर हेडमास्तर. हेडमास्तरांच्या गाण्याला कोंबडी. आणि ‘आमची मामी नाजूक फार’, त्याच्यासमोर माझा पाणघोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पुस्तकं न्यायला आले. मला उघडलं आणि मटकन स्टुलावर बसले. दुपारी शाळेत मुलांसमोर वाचायचं ठरलेलं. मालक धावत आले, पानं उलटली आणि बघितलं मावशीकडे.

“मी वाचून मांडले होते गठ्ठे,” मावशी म्हणाली. “पुन्हा बघितलं नाही, तेवढं माझं चुकलं. पण गठ्ठा कुणीतरी हलवलाय.”

“कुणी हलवला? टेबल आपोआप चालतं का?” मालक म्हणाले.

दोघी जणी हसल्या. त्यातली एक म्हणाली, वय झालं की चष्मा लावावा माणसानं. मावशीनं तिच्याकडे असं बघितलं की तिची सुई बोटात गेली. पण उपयोग काय? डोक्याकडची जागा गेली, मावशीला खळ ढवळायला बसवलं. दोन दिवसांत मावशीची खळमावशी झाली. आणि मला दोरा ओवून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं, खाली चौथी पाटी: ‘निष्काळजीपणाचा नमुना.’ डाग अंगावर घेऊन मी तिच्या डोक्यावर लोंबकळतेय, आणि एकालाही दिसू नये?

गुरुजींकडे दुसरा इलाज नव्हता. पन्नास पुस्तकं आहेत तशीच घेऊन गेले. संध्याकाळी परत आले ते डोळे पुसत. आम्हाला वाटलं, झालं, फजिती झाली. पण गुरुजींना हसू आवरेना. पाणघोड्याचं गाणं वाचलं, पुस्तक मुलांकडे फिरवलं, तर समोर मिशीवाले हेडमास्तर. आणि खरेखुरे हेडमास्तर दारातच उभे, तशीच मिशी. पन्नास माना एकदम तिकडे वळल्या. हेडमास्तरांनी बराच वेळ चेहरा घट्ट धरला. मग मिशीचं एक टोक हललं, मग दुसरं, आणि मग काही विचारू नका. मामीच्या गाण्याला तर एक मुलगी बाकावरून खालीच गेली. गुरुजी म्हणाले, एक पान बदलायचं नाही. गणितात असं उत्तर आलं असतं तर मी छडी उगारली असती, पण हे उत्तर बरोबर आहे.

महिन्याभरात मी सोडून सगळी संपली. दुसऱ्या शाळा विचारायला लागल्या. मग काय, मालक येईल त्याला सांगायचे, चित्रं सरकवायची कल्पना आमच्या कारखान्याची. मावशी पातेल्यात दांडा फिरवत ऐकायची. तिची जागा काही परत मिळाली नाही. एकदा गुरुजी तिला म्हणाले, तुमच्या चुकीनं माझं भलं झालं, मावशी. तिनं दांडा आपटला.

“पुस्तक गाजलं, चांगलं झालं. पण माझी चूक नाही, हे कोण म्हणणार? भल्याची झाली तरी दुसऱ्याची चूक मी माझ्या नावावर घेणार नाही.”

सुट्टी लागली आणि मालकांची नात आली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात गायब. तिनं स्टुलावर चढून मला खिळ्यावरून काढलं. हसू नका, त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणी पूर्ण वाचलं. ती टेबलाखाली बसून हसत होती, मालक कोपऱ्यात हिशोबनीसासारखा गंभीर चेहरा करून कप विसळत होते. शेवटच्या पानावर पोरगी थांबली.

“आजोबा, हा बुडबुडा फुटका का आहे? बाकीचे पूर्ण गोल आहेत.”

आजोबा म्हणाले, असेल, बुडबुडे फुटतातच. पण सहा वर्षांचं माणूस असं ऐकतं होय? ती उठली, गोलावर बोट फिरवलं, मग आजोबांच्या हातातल्या कपाकडे बघितलं. कप घेतला आणि माझ्या पाणघोड्यावर ठेवला. टवका आणि गोलातली फट एकावर एक.

“तुमचाच कप आहे. तुम्ही याच्यावर चहा प्यायलात.”

कटिंग मशीन थांबलं. मावशीनं दांडा ठेवला, पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं. मालकांनी एकदा कपाकडे बघितलं, एकदा खिडकीकडे, एकदा पाटीकडे.

“पेपर वाचायला जागा नव्हती,” ते हळूच म्हणाले. “गठ्ठा जरा तिकडे सरकवला होता.”

आता मावशी यांना फाडून खाणार, असं मला वाटलं. तिनं फक्त कप उचलून त्यांच्या हातात दिला.

“मालक, कप घेऊन पायरीवर चला. टेबलावर चहा चालत नाही.”

गेले हो. मुकाट्यानं पायरीवर जाऊन बसले, आणि नात शेजारी बसून त्यांना मामीचं गाणं वाचून दाखवायला लागली.

मावशी त्याच दिवशी टेबलाच्या डोक्याशी परत बसली. चष्म्यावरून बोलणारीला तिनं खळीपाशी धाडलं, आठ दिवसांसाठी. मला पुन्हा खिळ्याला टांगलंय, पण चौथी पाटी गेली. येणारं प्रत्येक पोर मला काढतं, त्या डागावर बोट फिरवतं. माझे कोपरे मऊ झालेत, कोंबडीचा एक पाय कुणीतरी चाटून पुसलाय. असू दे. पुस्तकाच्या जातीला कपाटापेक्षा हाताळणं बरं.

दुसऱ्या खेपेच्या छपाईआधी मालकांनी मावशीला विचारलं, तुला काय हवंय ते सांग. ती म्हणाली, सगळ्यांची नावं छापतात त्या पानावर एक ओळ वाढवा, चूक कुणाची ते सांगणारी. ते विनवायला लागले, माझं नाव नको गं, नात वाचेल. मावशी म्हणाली, नाव नाही घालत, आम्ही म्हणतो तेच घालते. तेव्हा कुठे त्यांना कळलं, आपल्याला पाठीमागे काय म्हणतात.

तेवढी एक विनंती माझी. माझ्या धाकट्या बहिणी तुमच्या घरी आल्या, की पोरांबरोबर खुशाल हसा, पण ते पहिलं पान घाईनं उलटू नका. चार ओळी आहेत, मोठ्यानं वाचा.

गाणी : गुरुजी
चित्रं : सूनबाई
जुळणी : मावशी
चूक : शिस्तराव