नव्या संगणकाला माझी ओळख पटेना

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे, पण शाईशी माझे कधीच जमले नाही! मी जाड कागदावर ब्रेलचे ठिपके उठवतो, बोटांनी वाचायचे. माझ्या पोटातल्या बारीक हातोड्या ठोकू लागल्या की शेजारच्या वर्गात शिकवणे बंद पडते. म्हणून अंध मुलांच्या या शाळेत मला लाकडी पेटीत ठेवले आहे. दहा वर्षे मी गोष्टीची पुस्तके, वेळापत्रके, सगळे छापले. "आमचा वाघ डरकाळी फोडतोय," असे गणिताचे सर कौतुकाने म्हणत. सर स्वतः अंध आहेत. कागद अडकला तर ते माझ्या आवाजावरूनच ओळखतात.

मग माझा सोबती, जुना संगणक, दुरुस्तीला गेला आणि परत आलाच नाही. दोन महिने मी धूळ खात पडलो. कुणीतरी माझ्या पेटीवर चक्क फुलदाणी ठेवली! मला फार वाईट वाटले.

आणि परीक्षेचा दिवस उजाडला. नवा संगणक आदल्या संध्याकाळी आलेला, अजून खोक्यातच. गणिताची प्रश्नपत्रिका साडेनऊला आली, पेपर अकराला. भूमितीच्या आकृत्या कुणी वाचून दाखवून थोड्याच कळतात? सरांची लाडकी विद्यार्थिनी चिमी दाराशी येऊन म्हणाली, "सर, पेपर माझ्या हातात आला नाही, तर मी घरी जाईन. वाचून दाखवलेला मला नको."

संगणकवाल्या दादाने नवा संगणक खोक्यातून काढला आणि घाईघाईने त्यात माझी यूएसबी केबल खुपसली. पडद्यावर आले, 'अनोळखी उपकरण'. अनोळखी? मी? त्याने केबल काढली, पुन्हा लावली, दुसरीकडे लावून पाहिली.

"हा डबा कामातून गेलाय, सर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! सर मात्र उठले, माझ्या पाठीवरून हात फिरवू लागले आणि थबकले.

"अरे, इथे लिहिलंय की! आधी ड्रायव्हर, मग केबल."

"कुठे? मला तर काहीच दिसत नाही."

"तुला कसं दिसेल? ब्रेलमध्ये आहे!"

ती पारदर्शक पट्टी आमच्या अंध ग्रंथपाल बाईंनी निवृत्त होताना चिकटवली होती. ही जोडणी कधी डोळस माणूस करेल, हे त्यांच्या मनातच आले नाही!

दादाने जीभ चावली. केबल काढली, संगणकाच्या उपकरणांच्या यादीतली माझी चुकीची नोंद पुसली आणि कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला माझी भाषा शिकवणारा प्रोग्राम, उतरवून बसवला. संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

"आता लाव," सर म्हणाले.

टुंग! पडद्यावर माझे नाव झळकले! मग काय विचारता! धडधड धडधड, मी असा सुटलो की खिडकीच्या काचा थरथरल्या. पावणेअकराला नऊ मुलांच्या नऊ प्रती तयार होत्या. अकराला वर्गात फक्त कागदावरून फिरणाऱ्या बोटांची सळसळ होती. कुणी कुणाला काही वाचून दाखवत नव्हते.

मित्रांनो, जुने यंत्र गप्प बसले, तर लगेच त्याला निकामी ठरवू नका. काय चुकले ते आधी शोधा. त्या सकाळी मला भंगारात काढले असते, तर चिमी घरी गेली असती.